क्नूटनंतरचा तारा

क्नूटचा दिवस आला की एल्वहेड गावातला नाताळ संपतो. संपतो म्हणजे संपतोच. तेरा जानेवारीला झाडं अंगणात येऊन पडतात, खिडक्यांतले कागदी तारे उतरतात, विजेच्या मेणबत्त्या खोक्यात जाऊन माळ्यावर बसतात. दुसऱ्या दिवशी कुणाच्या खिडकीत तारा लागलेला दिसला, तर लोक सदऱ्याची बटणं उघडी राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या घराकडे बघतात आणि न बघितल्यासारखं करतात. सूर्य दुपारीच मावळणार, थंडी अजून दोन महिने हलणार नाही, पण दिवे काढायचे म्हणजे काढायचे. कुणी केला हा नियम, विचारू नका. कुणालाच ठाऊक नाही आणि मोडायची कुणाची छाती नाही.

अल्गोतने आपला तारा सकाळीच उतरवला होता. कागदाच्या घड्या जुन्या खुणांवर नीट घालून तो खोक्यात ठेवला, खोकं माळ्यावर टाकलं, आणि दुपारी अंधार पडताना कॉफीचा कप घेऊन तो स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसला. या खिडकीशी बसायची त्याला सवय होती. खरं बोलायचं तर सवय नव्हे, खोडच होती. गल्लीच्या पलीकडे बरोबर समोर त्याच्या थोरल्या भावाचं, हिल्डिंगचं घर. मधे एक अरुंद रस्ता, दोन कुंपणं आणि एक सफरचंदाचं झाड. आणि अकरा वर्षांचा अबोला.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या काळ्या झाल्या होत्या. हिल्डिंगचा तारा मात्र लागला. लाल कागदाचा, त्यांच्या आईच्या वेळचा, एका टोकाला चिकटपट्टी लावलेला.

"मुद्दाम," अल्गोत स्वतःशीच म्हणाला. सगळं गाव उजवीकडे निघालं की हिल्डिंगने डावीकडे जायचं, हे जन्मापासूनचं. लाकडाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, पण भोंगा झाला की लगेच कधी उठला नाही, भोंग्याच्या आधी तरी उठला नाहीतर नंतर तरी. आता म्हातारपणी क्नूटलाही जुमानत नाही म्हणजे कमाल झाली. अल्गोतने कॉफी संपवली, कप धुतला आणि रेडिओ लावला. पण खरं सांगायचं तर समोरचा लाल उजेड बघून त्याला बरंच वाटलं होतं. दिवा लागला म्हणजे भाऊ आहे. अकरा वर्षं तो याच हिशोबावर झोपायला जात होता.

अबोला कशावरून, ते सांगायला हवं. त्यांची आई तेक्ला नव्वदी ओलांडलेली, आणि हिल्डिंग लग्नाच्या भानगडीत न पडलेला, तिच्याजवळच राहिलेला. तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता की मला याच घरात मरू द्यायचं, वृद्धाश्रमात नाही. त्याने दिला. मग एका शरद ऋतूत त्याच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं, तो तालुक्याच्या इस्पितळात जाऊन पडला, आणि आईला बघायचं काम समोरच्या अल्गोतवर आलं. अल्गोतची बायको तोवर वारली होती. तोही एकटाच. आई त्याला ओळखेनाशी झाली होती. दोनदा ती पहाटे दवावर अनवाणी, झोपायच्या पोशाखात, नदीकडे चालताना सापडली. तिसऱ्यांदा ती सापडणार नाही, या भीतीने अल्गोतने कागदावर सही केली आणि तिला वृद्धाश्रमात नेलं. चूक केली की बरोबर, हे तो आजही सांगू शकत नाही. पण आई तिथे महिनाभरही टिकली नाही. नाताळचा पहिला तारा खिडकीत लागायच्या आत ती गेली, आणि हिल्डिंग कुबड्या घेऊन घरी आला तो रिकाम्या घरात.

दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती. लोक खाली मान घालून केक खात होते. हिल्डिंग कुबड्यांवर उभा राहिला, अल्गोतच्या जवळ आला आणि हळूच, पण शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी हाक मारल्याशिवाय माझ्या दारात पाऊल टाकायचं नाहीस."

बस. एवढंच. पण तो शब्द अल्गोतच्या असा जिव्हारी लागला की त्याने तो काळ्या दगडावरच्या रेघेसारखा पाळला. हाक येईल तेव्हा जायचं. हाक आली नाही. दुकानात समोरासमोर आले तर दोघं मान हलवायचे, आणि एक जण कडधान्यांकडे वळायचा, एक दुधाकडे. अल्गोतला सत्तर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी हिल्डिंगच्या अंगणातल्या खांबावर झेंडा चढला होता, इकडे वाढदिवसाला चढवतात तसा. अल्गोतने कॅलेंडर काढून पाहिलं, राजघराण्यात कुणाचा वाढदिवस आहे का. नव्हता. तो दिवसभर खिडकीशी बसून होता. पण झेंडा म्हणजे काही हाक नव्हे, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि संध्याकाळी झेंडा उतरला.

तुम्ही म्हणाल, हा काय आडमुठेपणा? म्हणा. पण एल्वहेडमध्ये याला आडमुठेपणा म्हणत नाहीत, रीत म्हणतात. माणसाने एक गोष्ट सांगितली की ती ऐकायची. दार लावलं की ते वाजवायचं नाही. कुणाला त्रास द्यायचा नाही, हे इथलं सगळ्यात मोठं पुण्य, आणि या पुण्याच्या नावाखाली माणसं एकमेकांपासून किती लांब जाऊन बसतात, त्याची कुणी मोजदाद ठेवलेली नाही.

चौदा तारखेला तारा पुन्हा लागला. पंधरालाही. तेव्हा मात्र अल्गोतला राग आला. गल्लीत लोक आता बोलायला लागणार, आणि त्याच्याकडे बघून बोलणार, कारण भाऊ कुणाचा तर याचा. बर्फ तर यंदा पडलाच नव्हता, नुसता काचेसारखा गोठलेला रस्ता. बर्फ असता तर पायऱ्यांवर पावलं दिसली असती, नाहीतर ती नाहीत हे तरी दिसलं असतं. पण गोठलेल्या रस्त्यावर काय उमटणार? खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता, आणि त्याच्यावर तो तारा.

सोळा तारखेला दुपारी गुनबोर्ग आली. ही गल्लीच्या टोकाला राहते, शाळेत संगीत शिकवायची, आता चर्चच्या गाण्याच्या मंडळात आहे. ती अल्गोतकडे मंडळासाठी नेलेली जादा खुर्ची परत द्यायला आली होती, निदान तसं म्हणाली. खुर्ची ठेवली, हवेबद्दल बोलली, पायपुसण्यावर उभी राहून हातमोजे काढले आणि परत घातले. मग म्हणाली, हिल्डिंगचा तारा अजून लागतोय.

अल्गोत म्हणाला, दिसतोय मला.

"त्याची पत्रपेटी भरून गेलीय," गुनबोर्ग म्हणाली. "वर्तमानपत्रं बाहेर लोंबतायत. काल मी त्याची बेल वाजवणार होते. दारापर्यंत गेलेही. मग म्हटलं, त्याला नाही आवडायचं, कशाला उगाच. आणि दिवा लागतोय ना रोज वेळेवर. म्हणजे ठीकच असणार."

"दिवा टायमरवर आहे," अल्गोत म्हणाला.

तो सहज म्हणाला. सगळ्यांचेच दिवे टायमरवर असतात. त्याचा स्वतःचाही होता. अंधार पडला की लागायचा, झोपायच्या वेळी विझायचा, माणूस घरात असो नसो. वाक्य तोंडातून निघालं आणि मगच त्याच्या कानांवर पडलं. गुनबोर्गचा चेहरा उतरला.

अल्गोत कोट न घालताच निघाला. त्या गोठलेल्या रस्त्यावर पंचाहत्तरीच्या माणसाने धावायचं नसतं. तो धावला, मागून गुनबोर्ग. हिल्डिंगच्या फाटकाशी मात्र त्याचे पाय थांबले, अगदी आपोआप, जसे अकरा वर्षं थांबत आले होते. हाक मारल्याशिवाय नाही. त्या क्षणीसुद्धा, एवढं सगळं कळूनसुद्धा, हे त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची अशी किळस आली की त्याने फाटक लाथेने उघडलं.

दाराला कुलूप नव्हतं. आत ऊब होती आणि घाणेरडा वास होता. अल्गोतने बूट काढले. हो, बूट काढले. या गावातला माणूस जळत्या घरातही बूट काढून शिरेल. मोज्यांवर तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

हिल्डिंग खिडकीखाली जमिनीवर पडला होता. शेजारी उलटलेलं स्टूल. त्याने अंगावर चिंध्यांचे गालिचे ओढून घेतले होते, डोक्याखाली टॉवेलांची गुंडाळी. ओट्याखालचं कपाट उघडं होतं आणि त्यातल्या फळांच्या सरबताच्या बाटल्या, दोन रिकाम्या आणि एक अर्धी, त्याच्या हाताशी होत्या. नाताळच्या आल्याच्या बिस्किटांचा डबाही होता. वर लाल तारा लागलेला. तो उतरवायलाच हिल्डिंग क्नूटच्या सकाळी स्टुलावर चढला होता. म्हणजे तीन रात्री तो या खिडकीखाली पडून होता, आणि तीन संध्याकाळी समोरच्या खिडकीतून त्याचा सख्खा भाऊ वरचा तारा बघून चरफडत होता.

त्याचे डोळे उघडे होते. अल्गोतला बघून ते हलले.

"आलास," हिल्डिंग म्हणाला. आवाज पार बसलेला. पहिल्या रात्री ओरडून ओरडून बसला, हे नंतर कळलं. आजकालच्या तिहेरी काचांच्या खिडक्यांतून आवाज बाहेर कुठला जायला.

अल्गोतने मागे वळून गुनबोर्गला सांगितलं, फोन कर. तिने दारातूनच फोन लावला आणि रस्त्याच्या तोंडाशी अँब्युलन्सची वाट बघायला गेली. अल्गोत जमिनीवर बसला. भावाला हलवायचं नाही एवढं त्याला कळत होतं. त्याने आपला स्वेटर काढून त्याच्यावर घातला, ओला टॉवेल करून ओठांना लावला, हात हातात घेतला. तो हात त्याने आईच्या दफनानंतर धरलेला नव्हता. तो इतका हलका झाला असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"फार दुखतंय का?"

"पडून राहिलं की नाही." हिल्डिंगने डोळे मिटले. अल्गोत घाबरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हिल्डिंग म्हणाला, "एक विचारू का? रागावू नकोस."

"विचार ना."

"इतकी वर्षं का नाही आलास?"

अल्गोतला वाटलं, याला ताप चढलाय. तो म्हणाला, "तूच म्हणाला होतास. हाक मारल्याशिवाय येऊ नकोस म्हणून."

"मी?"

"आईच्या कॉफीला. हॉलमध्ये. सगळ्यांच्या देखत."

हिल्डिंग आढ्याकडे बघत राहिला. तो आठवत होता, अगदी प्रामाणिकपणे आठवत होता, ते दिसत होतं. शेवटी त्याने मान हलवली. "त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. खुब्याच्या दुखण्याच्या गोळ्या खाऊन उभा होतो. कोण आलं, कोण गेलं, काही नाही. चर्चची घंटा तेवढी आठवते."

अल्गोतने त्याच्यावरचा स्वेटर उगाच सारखा केला.

"म्हणालो असेन," हिल्डिंग म्हणाला. "रागात होतो. पण तू ऐकलंस? लहानपणापासून माझी एक गोष्ट कधी ऐकली नाहीस. नदीवर जाऊ नको म्हटलं, गेलास. ती मोटरसायकल घेऊ नको म्हटलं, घेतलीस. आणि नेमकं हेच ऐकलंस?"

तो हसायला गेला आणि कळ येऊन थांबला. मग श्वास जुळवत, तुटक तुटक, त्याने सांगितलं की आईवरून आलेला राग त्याच्या मनातून त्याच हिवाळ्यात गेला होता. आश्रमातल्या बाईने त्याला सांगितलं होतं आई नदीकडे कशी जायची ते. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, हे तुला सांगायचं होतं. तू येशील म्हणून वाट बघितली. नाताळाआधीच्या आगमनाच्या रविवारी केशराचे पाव जास्तच भाजायचो. तुझ्या सत्तरीला झेंडासुद्धा लावला. मग वाटलं, याला तोंड दाखवायचं नाहीये. लाजतोय, नाहीतर कंटाळलाय मला. मग कशाला त्रास द्या.

"मी दिवसभर त्या झेंड्याकडे बघत बसलो होतो," अल्गोत म्हणाला.

"मग?"

मग काय? जे वाक्य अल्गोतने अकरा वर्षं उराशी धरून ठेवलं, रोज खिडकीशी बसून मनात घोळवलं, ते म्हणणाऱ्याच्या लक्षातही नव्हतं. त्याला रडू फुटलं. लहान मुलासारखं, नाक गळेपर्यंत तो रडला, आणि हिल्डिंग पडल्या पडल्या त्याचा अंगठा आपल्या अंगठ्याने दाबत राहिला. अरे पुरे, असं एकदा म्हणाला. तेवढं बोलूनही त्याला धाप लागली.

अँब्युलन्स आली. त्यातली बाई तरुण होती, चटपटीत, मऊ बोलणारी. तिने हिल्डिंगचं बोट एका चिमट्यात अडकवलं, छाती ऐकली, आणि तिच्या सोबत्याकडे जे बघितलं ते अल्गोतला आवडलं नाही. खुबा मोडलाय आणि छातीत पाणी झालंय, असं ती म्हणाली. या वयात सोपं नाही, पण बघू. तिने हिल्डिंगला सुई टोचली, त्याची कळ ओसरली आणि तो गुंगीत गेला. दोघांनी त्याला उचलून स्ट्रेचरवर घेतलं. अल्गोत मोज्यांवरच मागोमाग पायऱ्यांपर्यंत गेला, मग बूट घालायला परतला.

गाडीच्या दाराशी त्या बाईने विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

"भाऊ."

तिला हायसं वाटलं. मग विचारते थोडं, म्हणाली. रोज कुठली औषधं घेतात?

अल्गोतला माहीत नव्हतं.

हृदयाचं काही? साखर? कुठल्या औषधाने अंगावर पुरळ वगैरे येतं का? गेल्या काही महिन्यांत जेवण कमी झालं होतं का, वजन उतरलं होतं का? तोल जायचा का, आधी कधी पडले होते का?

मला माहीत नाही, अल्गोत म्हणत गेला. प्रत्येक प्रश्नाला तेच. त्याला माहीत होतं ते एवढंच की समोरचा दिवा कधी लागतो आणि कधी विझतो, आणि ते तर त्या बाईने विचारलंच नाही.

तिला वाटलं असावं, हा भाऊ लांबून आलेला आहे, दुसऱ्या गावाहून. म्हणून तिने मऊपणेच विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

अल्गोतने हात वर केला आणि रस्त्यापलीकडचं घर दाखवलं. स्वयंपाकघरात दिवा राहिला होता, दार सताड उघडं होतं. बाईने तिकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि आत चढली.

गाडीतल्या माणसाने दार लावायला घेतलं. बरोबर येणार का, असं कुणी विचारलं नाही. हिल्डिंग तोंड उघडं टाकून पडला होता, छातीतून घरघर येत होती, त्याला आता कुणाला हाक मारणं शक्य नव्हतं. अल्गोत म्हणाला, जरा सरका, आणि दार धरून आत चढला. तिथे बसायला जागा अशी नव्हती. तो भावाच्या पायांशी, पत्र्याच्या पेटीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि त्याने पांघरुणावरून त्याचा पाय धरला.